खंडेनवमीचे पाहुणे

वांद्र्याच्या त्या काचेच्या इमारतीत कंपन्यांना खऱ्या नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. कुणाची कंपनी कुणाला विकायची असं ठरलं, की आधी तिचं बारसं व्हायचं. लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, टॅक्सीत कुणाच्या कानावर पडलं तरी उमगू नये म्हणून टोपणनाव. मिनल मॅडमना पक्ष्यांची हौस होती. चाकणची वज्रांग प्रेसिंग्ज विकायचं काम त्यांच्या टेबलावर आलं, तेव्हा त्यांनी जरा विचार केला आणि नाव ठेवलं, प्रोजेक्ट टिटवी.

मॅडमच्या हाताखाली नव्यानं लागलेली स्वरूपा ते नाव ऐकूनच धास्तावली. परांड्याकडं, तिच्या आईच्या गावी, घरावरून टिटवी ओरडत गेली की बाया हातातलं पीठ तसंच ठेवून आभाळाकडं बघत. पण हे ऑफिसात कुणाला सांगणार? आणि खरं कारण टिटवी नव्हतंच. वज्रांगच्या प्रेस शॉपमध्ये तिचा सख्खा भाऊ, नवनाथ, काम करत होता.

काम हातात घेताना सगळ्यांना एक प्रश्न विचारतात: या कंपनीत तुमचं कुणी नोकरीला आहे का? स्वरूपानं ‘नाही’वर खूण केली. कागदाच्या बाजूनं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. नवनाथ वज्रांगच्या गेटातून आत जायचा, वज्रांगचा निळा शर्ट घालायचा, वज्रांगच्या चारशे टनी प्रेसवर मोटारीच्या दरवाजांचे पत्रे काढायचा; पण पगार ठेकेदाराचा. सात महिने भरत आले की ठेकेदार ब्रेक द्यायचा, थोडे दिवस घरी बसवायचा आणि नव्यानं भरती करून घ्यायचा. असा तो आठ वर्षं दर वेळी नवा माणूस होऊन त्याच जुन्या मशीनवर उभा राहत होता.

वज्रांग घ्यायला निघालेली कंपनी युरोपातली. तिचा एक कारखाना होसूरला होता. तिला वज्रांगच्या ऑर्डरी हव्या होत्या, प्रेस हव्या होत्या. चाकणची जागा आणि चाकणची माणसं नको होती. वर्षाच्या आत यंत्रं उचलून होसूरला न्यायची आणि जागा विकून टाकायची, असा बेत. त्यातून किती वाचेल ते मांडायचं काम स्वरूपाकडं होतं. तिच्या तक्त्यात कायम कामगारांची नावं होती, वयं होती, घरी पाठवताना कुणाला काय द्यावं लागेल ते होतं. नवनाथ त्यात कुठंच नव्हता. ठेकेदाराची माणसं ‘इतर खर्चा’त होती, चहा, झाडलोट आणि जनरेटरच्या डिझेलच्या शेजारी. ती ओळ तिनं स्वतः शून्यावर आणली होती. बोटाला सवय झाली होती.

सांगून टाकलं असतं, तर तिला या कामावरून बाजूला केलं असतं. पहिलं वर्ष, पहिलं मोठं काम. शिवाय आत राहिले तर दादासाठी काहीतरी करता येईल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. काय करता येईल, हे मात्र ती स्वतःला कधी विचारत नसे.

घेणाऱ्यांची माणसं यंत्रं बघायला येणार होती. दिवस वज्रांगच्या मालकांनीच सुचवला, खंडेनवमीचा. त्या दिवशी प्रॉडक्शन बंद. यंत्रं थंड, धुऊनपुसून ठेवलेली. हात लावून बघा, वाकून बघा. कामगार बायकापोरांना घेऊन येतात, त्या गर्दीत चार पाहुणे खपून जातात. कुणी विचारलंच तर विम्याचे लोक म्हणायचं.

“तू तिकडचीच ना?” मिनल मॅडम म्हणाल्या. “बरं झालं. कामगार काही बोलले तर तू सांभाळून घे. मला त्यांच्याशी बोलता येत नाही, लगेच मी शहाणपणा शिकवतेय असं वाटतं त्यांना.”

आदल्या दिवशी स्वरूपानं नवनाथला सहज केल्यासारखा फोन केला. तो म्हणाला, सेकंड शिफ्ट करून येतोय, उद्या पूजेला फर्स्टवाले आहेत, मी दुपारपर्यंत पडणार. खंडेनवमीला मशीनचा माणूस घरी झोपून राहत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं त्याच्या झोपेवर भरवसा ठेवला.

*

प्रेस शॉप ओळखू येत नव्हतं. एरवी जिथं कानात कापूस घातल्याशिवाय उभं राहवत नाही, तिथं स्पीकरवर सनई लागली होती. प्रत्येक प्रेसला झेंडूचं तोरण, आंब्याचा टाळा, पुढ्यात स्टुलावर पाने, हातोड्या, गेज ओळीनं मांडलेले, त्यांच्यावर हळदीकुंकवाची बोटं. फरशीवर रांगोळी. नव्या साड्यांमधल्या बाया आपापल्या माणसाचं मशीन बघत होत्या. एवढे दिवस घरात नुसतं ज्याचं नाव ऐकलं, ते हे. एका म्हातारीनं तर प्रेसला हात लावून कपाळाला लावला.

पाहुणे दोघे होते. एक गोरा, उंच, खांद्यावर उपरणं घेतलेला. दुसरा होसूरच्या कारखान्यातला इंजिनिअर, कमी बोलणारा. तो तोरणांकडं बघत नव्हता. तो प्रेसच्या पायाशी बसला, फाउंडेशनचे बोल्ट मोजले, वर क्रेनकडं पाहिलं, टेप काढला.

“ही तर स्वरूपाताई.”

आवाज चारशे टनीच्या मागून आला. शिडीवर चढून तोरण बांधणारा माणूस खाली उतरला. इनायत. नवनाथचा जोडीदार, एकाच प्रेसवर एक पत्रा घालणार, दुसरा काढणार. म्हाळुंग्याला त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं, पण याला प्रेसचं वेड. दर वर्षी तोरण त्यानंच बांधायचं, असा शॉपचा रिवाज. शॉपमध्ये त्याला सगळे ‘पेपरवाला’ म्हणत, कारण त्याला सकाळी कळलेलं दुपारी कॅन्टीनमध्ये छापून यायचं.

“आणि तो बघा, आला कुंभकर्ण,” इनायत म्हणाला.

नवनाथ आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हातात नारळ घेऊन येत होता. डोळे झोपेनं तांबारलेले. बहिणीला बघून तो थबकला. मग त्याचं तोंड असं उजळलं, की स्वरूपाला खाली बघावंसं वाटलं.

“स्वरू? तू हितं कशी?”

“कामानं आले, दादा. विम्याचं आहे. या लोकांना दाखवायचंय.”

“काल फोनवर बोलली न्हाईस.”

“अचानक ठरलं.”

इनायत हसला. “विमा? ताई, विम्यावाले आग विझवायचे डबे बघतात आणि पेढे खाऊन जातात. हे साहेब बोल्ट मोजतायत. मी सांगू काय आहे? नवीन पार्टी आहे. मोठी. नवीन मशीन बसवायचंय, म्हणून मापं चाललीत.”

“तसं काही नाही, इनायतभाऊ.”

“नका सांगू. तुमचं सीक्रेट असतं, मला माहितेय. नवनाथ, बहीण कुणाची म्हणायची. पार्टी घेऊन आली.”

होसूरचा इंजिनिअर स्वरूपाला इंग्रजीत म्हणाला, प्रेसपासून शटरपर्यंत अंतर हवंय, कुणी टेप धरेल का. ती भाषांतर करायच्या आत नवनाथनं नारळ स्टुलावर ठेवला होता आणि टेपचं टोक धरलं होतं. इनायत पुढं पळाला, वाटेतल्या ट्रॉल्या बाजूला सारल्या. शटरची उंचीही घ्या म्हणाला. गेल्या साली मोठा ट्रेलर अडकला होता, तेव्हा वरची पट्टी काढावी लागली, तेही सांगा साहेबांना. स्वरूपानं सांगितलं. इंजिनिअरनं मान हलवली आणि लिहून घेतलं. दोन्ही जोडीदार त्याच्या पुढंमागं हौसेनं मापं देत राहिले, नव्या सुनेला घर दाखवावं तसे. त्यांचंच मशीन त्या दारातून बाहेर कसं काढायचं, याची ती मापं होती.

“तुमच्या आईनं आमच्या मशीनवर गाणं केलंय, माहितेय का?” इनायत तिला म्हणाला. “नवनाथ पिकनिकला म्हणाला होता. आता सगळ्या शॉपला पाठ आहे.” आणि तो जात्याच्या चालीवर, मान डोलवत म्हणू लागला:

माझ्या लेकाचं गं जातं, लोखंडाचं चारशे टनी,
दळितं मोटारीची दारं, आत बसला गं कोण धनी.

बाया हसल्या. गोऱ्या पाहुण्यानंही हसून टाळी वाजवली. जात्याला खुंटा असतो, खुंट्याला हात असतो, हातात बांगडी असते. स्वरूपाला आईचा आवाज आठवला, आणि नवनाथचे हात दिसले, पत्रा काढून काढून बोटांच्या पेरांवर बारीक पांढऱ्या रेघा पडलेले. याच हातांनी तो रात्रपाळी करून आला की गाडी काढायचा आणि तिला मोशीहून निगडीला क्लासला सोडायचा. ती मागं बसून पाढे म्हटल्यासारखी व्याख्या म्हणायची आणि तो पुढून विचारायचा, झोपलो तर न्हाई ना मी?

“ताई, कुंकू तुमच्या हातानं होऊ द्या यंदा,” इनायत म्हणाला. “नवीन ऑर्डरचं.”

“मी नको.”

“लाव की गं,” नवनाथ म्हणाला. “माझ्या मशीनला माझी बहीण लावणार न्हाई तर कोण?”

सगळे बघत होते. सनईत मिनल मॅडमना शब्द ऐकू गेले नव्हते; त्यांनी दुरून डोळ्यांनीच सांगितलं, करून टाक. स्वरूपानं करंड्यात बोट बुडवलं आणि थंड लोखंडावर स्वस्तिक काढलं. नवनाथनं नारळ फोडला. पाणी प्रेसच्या पायावर, मोजून झालेल्या बोल्टांवर सांडलं.

पेढे वाटून होईस्तोवर बातमी सगळ्या शॉपभर फिरली होती. नवनाथची बहीण नवीन पार्टी घेऊन आली. दिवाळीला परमनंटच्या ऑर्डरी निघणार म्हणतात, त्या आता नक्की. एक बाई येऊन स्वरूपाच्या पाया पडायला लागली. ती मागं सरकली तर बाईला वाटलं, किती साधी पोरगी आहे.

मग नवनाथ तिला खांबाआड घेऊन गेला.

“एक बोलायचं होतं. तळेगावच्या कंपनीत मला आणि इनायतला बोलावणं आलंय. ज्योतीराम काका तिथं फोरमन हायत, बाबांचे मित्र. कायमची नोकरी. पगार हितल्यापेक्षा थोडा कमी, पण पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पटावर. आज सांगतो म्हटलं होतं. जायचं जवळपास ठरलं होतं, तुला विचारणार होतो.”

स्वरूपानं विचारलं, “मग?”

“मग काय? आठ वर्षं घातली हितं, आता ताट वाढलं आणि उठायचं व्हय?” आणि तिच्यासमोरच त्यानं फोन लावला. “काका, नवनाथ बोलतोय. न्हाई जमणार तळेगावचं. हितंच होतंय आता. व्हय, इनायतचं तो सांगेल. रागवू नका.”

ती बोलली असती, तर ते दोन वाक्यांचं काम होतं. मिनल मॅडम खांबापासून सहा पावलांवर मालकांशी बोलत होत्या. स्वरूपानं पेढा तोंडात टाकला. 

*

“घर जवळ आहे ना? जा, आईला भेटून ये,” गाडीत बसताना मिनल मॅडम म्हणाल्या. “छान सांभाळलंस. ते कुंकवाचं तर भारीच. पाहुणे खूश आहेत.”

मॅडमची गाडी दिसेनाशी झाल्यावर नवनाथनं तिला आपल्या बाईकवर मागं घेतलं. सणाचा रस्ता, ट्रॅक्टरला, ट्रकला, रिक्षाला झेंडूच्या माळा. वाऱ्यावर तो काहीबाही बोलत होता. परमनंट झालो की आईला गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवू. वर्षालीच्या घरच्यांना तारीख देऊ, दोन वर्षं थांबलीय बिचारी, तिचा बाप म्हणतो, ठेकेदाराच्या माणसाला पोरगी कशी देऊ. आता बघू काय म्हणतो.

मोशीच्या अलीकडं, इंद्रायणीच्या पुलाजवळ, स्वरूपा म्हणाली, “दादा, थांब.”

“काय झालं? मळमळतंय का?”

रस्त्याकडेला चहाची टपरी होती, सणामुळं बंद. तिच्या बाकड्यावर दोघं बसले. खाली नदी फेसाळ पाण्यानं हळूहळू सरकत होती. स्वरूपानं सांगितलं. सगळं, होसूर, यंत्रं, जागा, शटरची उंची कशाला हवी होती ते. इतर खर्चाची ओळही सांगितली.

नवनाथ खूप वेळ बोटांची पेरं चोळत राहिला.

“टेप मी धरला,” तो शेवटी म्हणाला.

“दादा, तू काकांना परत फोन कर. आत्ता.”

“तुला कधीपासून माहितेय?”

“श्रावणापासून.”

“राखीला आलीवतीस तवा?”

तिनं होकारार्थी मान हलवली. नवनाथ बाजूला गेला. फोन काढला, लावला, उभा राहून नदीकडं तोंड करून बोलला. काका रागावले असावेत, कारण तो बराच वेळ नुसता ‘चुकलं काका’ म्हणत होता. मग परत येऊन बसला.

“दोन्ही जागा हायत अजून. सोमवारी या म्हणाले, दोघंबी.” तो उठला. “चल, इनायतच्या घरावरनं जाऊ. त्याला सांगतो.”

“दादा, नाही.”

“काय न्हाई?”

“त्याला नाही सांगायचं. कुणालाच नाही. तुला कळलंय असंही दाखवू नकोस. इनायतभाऊंच्या पोटात काही राहतं का? संध्याकाळपर्यंत सगळ्या शॉपला कळेल. मग शोध घेतील कुणी सांगितलं. ‘कुणी नोकरीला नाही’ म्हणून मी सही केलीय. माझी नोकरी जाईल. नुसती ही नाही, पुन्हा कुठंच मिळणार नाही.”

“पोरांना कळलं तर गेटवर बसतील,” नवनाथ म्हणाला. “मशीन हलू देणार न्हाईत. निदान काहीतरी पदरात पाडून घेतील.”

“म्हणूनच कळू द्यायचं नसतं, दादा.”

हे तिनं इतक्या सहज म्हटलं, की नवनाथनं वळून तिच्याकडं पाहिलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इनायत. नवनाथनं तो स्पीकरवर टाकून बाकड्यावर दोघांच्या मध्ये ठेवला. मुद्दाम टाकला, की हाताला धरवत नव्हता म्हणून, हे तिला कळलं नाही.

“काय भावा, ताईला घेऊन पळालास. आमच्या घरी बिर्याणी होती की. बरं ऐक, मी ज्योतीराम काकांना आता नाही म्हणून सांगतो. तू तर सांगितलंस ना?”

“सांगितलं होतं,” नवनाथ म्हणाला. “पण आता वाटतंय, जाऊ या का? दोघं जाऊ. चल.”

“येडा झालास का? सकाळी काय बघितलंस मग?”

“तळेगाव वाईट न्हाई. पटावर घेतायत.”

पलीकडं कुणाचंतरी मूल रडत होतं, बाई त्याला समजावत होती.

“नवनाथ, एक सांग,” इनायतचा आवाज उतरला. “ताई काही बोलल्या का? खरं सांग, यार. फरहीनला आठवा लागलाय, आता इकडंतिकडं करायचं म्हणजे... बघ, त्या म्हणाल्या असतील जा, तर मी ‘कशाला’ असं विचारणार नाही. आत्ता हो सांगतो काकांना.”

नवनाथनं बहिणीकडं पाहिलं. लहानपणी आईनं मारायला हात उगारला की तो असाच तिच्याकडं बघायचा. तू सांग, आपण काय केलं.

पुलावरून एक कंटेनर गेला. बाकडं थरथरलं. स्वरूपा नदीकडं बघत होती. मग तिनं मान वळवली, भावाच्या डोळ्यांत बघितलं आणि डावीउजवीकडं हलवली. एकदाच. फार हळू.

“न्हाई रे,” नवनाथ म्हणाला. “ती काय बोलणार? मलाच उगीच आपलं वाटलं.”

“मग झालं तर. घाबरवलंस लेका. मी सांगतो काकांना नाही म्हणून. आणि ताईला सांग, पोरगी झाली तर नाव त्यांनीच ठेवायचं.”

“सांगतो.”

“तू पण कुठं जाऊ नको. तुझ्याशिवाय पत्रा कोण काढणार?”

इनायत हसत होता, हसताहसताच त्यानं फोन ठेवला.

नदीवर ऊन कलत होतं. स्वरूपानं भावाच्या पाठीवर हात ठेवला. पाठ दगडासारखी होती. त्यानं हात झटकला नाही, नुसता उठला, गाडीला किक मारली. ती मागं बसली, आणि पहिल्यांदाच कुठं धरावं ते तिला सुचेना. सीटच्या मागची लोखंडी कडी तिनं दोन्ही हातांनी धरली.

गल्लीच्या तोंडाशी त्यानं वेग कमी केला. घराच्या दारात जयमाला, त्यांची आई, उंबऱ्याला झेंडू लावत उभी होती. लेक येणार हे तिला कुणीतरी आधीच कळवलं होतं, आणि तोंडावरून दिसत होतं की नव्या पार्टीचंही.

“आईला काय सांगायचं, ते ठरव,” नवनाथ मागं न बघता म्हणाला. “तू बोल, मी मान हलवतो. तुला येतं ते.”